आमच्या ‘आगरकर पथा’चं नाव बदलतायत. हरकतीत नेमकं काय लिहू?

टंकलेखिका

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते. आज धागा काढतेय कारण दोन रात्री कोरा कागद पुढ्यात घेऊन बसलेय आणि मजकूर सुचत नाहीये. तीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली, आता त्याच जागेत झेरॉक्स आणि स्टेशनरी आहे. अख्ख्या गावाचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, रजेची खरीखोटी कारणं या हातांनी टाइप केली, आणि स्वतःचा अर्ज लिहायची वेळ आली तर हात अडलाय.

गावाचं नाव राहू दे. तालुक्याचं ठिकाण आहे, नगरपरिषद आहे, एवढं पुरे. आमचा रस्ता बाजारातल्या मारुतीपासून जुन्या दवाखान्यापर्यंत जातो, रमतगमत गेलात तरी सात मिनिटं. कागदोपत्री त्याचं नाव ‘गोपाळ गणेश आगरकर पथ’. १९५६ साली, आगरकरांच्या जन्मशताब्दीला दिलेलं. माझे वडील, म्हणजे अण्णा, तेव्हा चोवीस वर्षांचे, हायस्कुलात नुकतेच मास्तर म्हणून चिकटलेले. त्यांनी आणि त्यांच्या तीन-चार मित्रांनी नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवून हे नाव मंजूर करून घेतलं आणि वर्गणी काढून संगमरवरी पाटी बसवली. पाटी अजून आहे, कोपऱ्यावरच्या वाड्याच्या भिंतीत. परवा बघायला गेले तर तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स ताणून बांधलेला. कोपरा उचलला तशी आतून एक पाल सटकली. ‘गोपाळ’मधल्या ‘ळ’चा टवका उडालाय, बाकी अक्षरं शाबूत आहेत.

आता नगरपरिषदेच्या फलकावर कागद लागलाय. या रस्त्याला एका माजी पदाधिकाऱ्यांच्या दिवंगत वडिलांचं नाव द्यायचं घाटतंय, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी द्यावी. आधीच सांगते, ते गृहस्थ वाईट नव्हते. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात विहीर आटली तेव्हा पाण्याचा टँकर त्यांनीच पाठवला होता. त्यांच्या नावाचा रस्ता गावात जरूर व्हावा. फक्त त्यासाठी आगरकरांना उठवू नये.

तर मी दोन मसुदे केले. पहिल्यात नुसती गैरसोय: आधार, बँक, गुमास्ता, जीएसटी, गॅस, सगळीकडे पत्ता बदलावा लागणार, रहिवासी व व्यापारी यांना नाहक त्रास. तो घेऊन दोन संध्याकाळी फिरले, चौसष्ट सह्या झाल्या. लोक पेन हिसकावून घेत होते.

दुसऱ्यात आगरकर. नऊ सह्या. त्यातल्या तिघांनी ‘ताई, तुम्ही म्हणताय म्हणून’ असं बजावून केल्या. शिंप्याच्या दुकानातला मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने कागद वाचला, विचार केला आणि म्हणाला, ‘पण अजित आगरकर आपल्या गावात कधी आले होते?’ तिथे मी हसले नाही. घरी येऊन हसले, आणि मग जरा रडूही आलं, खोटं कशाला सांगू.

त्याला उभ्या उभ्या सांगितलं की बाबा, हे गोपाळराव. कराडजवळच्या टेंभूचे, हलाखीत शिकलेले. ‘केसरी’चे पहिले संपादक टिळक नव्हेत, हे. कोल्हापूरच्या दिवाणांवर लिहिलं म्हणून १८८२ मध्ये टिळक आणि हे दोघेही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. पुढे दोघांचं बिनसलं, ‘केसरी’ सुटला, १८८८ मध्ये स्वतःचा ‘सुधारक’ काढला. बालविवाह, विधवांचं केशवपन, संमतिवयाचा कायदा यांवर असं काही लिहिलं की पुण्यातल्या लोकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. फर्ग्युसनचे प्राचार्य असताना १८९५ मध्ये दम्याने गेले, वयाची एकोणचाळीसही भरली नव्हती. मुलगा नीट ऐकत होता. सगळं झाल्यावर म्हणाला, ‘ते बरोबर आहे मॅडम, पण आपल्या गावाशी त्यांचा काय संबंध?’

इथे मी गप्प झाले. काही संबंध नाही. ते कधी इकडे फिरकल्याचंही ऐकिवात नाही.

आणि अजून एक टोचतंय. ज्याची जिवंतपणी तिरडी बांधली आणि तरी जो लिहीत राहिला, त्याच्या पाटीसाठी सह्या गोळा करत फिरणं त्याला तरी आवडलं असतं का? असो.

प्रश्न असा: कोणता मसुदा देऊ? पहिला दिला तर जोर येईल, पण त्यात आगरकरांचं नाव फक्त पत्ता म्हणून येतं. दुसरा दिला तर नऊ सह्यांचा कागद बघून ऑफिसात हसतील. दोन्ही एकत्र केले तर चौसष्टातले किती टिकतील याची खात्री नाही. आणि नगरपरिषदेच्या कामकाजाची माहिती असणारं कुणी असेल तर पुढे काय काय करायचं तेही सांगा.

(आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये पत्राच्या सरावाला जो नमुना होता त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता ‘आगरकर पथ’ असा होता. मराठी तीस आणि चाळीसला बसलेल्या प्रत्येक पोराने तो रेमिंग्टनवर शे-दोनशे वेळा बडवलाय. तालुक्यातले निम्मे कारकून माझ्याकडचे. त्यामुळे मला वाटायचं हे नाव तरी पक्कं बसलंय.)

रिकामटेकडा

अजित आगरकरांनी २००२ मध्ये लॉर्ड्सवर नाबाद १०९ केल्यात. त्या पोराला वाटलं असेल गावाने तेवढ्यासाठी रस्ता दिला, तर ते काही वेड्यासारखं नाही. मी तर वर्गणी दिली असती.

चेष्टा बाजूला ठेवतो. पहिला मसुदा द्या. नगरसेवकाला चौसष्ट कळतात, ‘सुधारक’ कळत नाही. चौसष्ट सह्या म्हणजे चौसष्ट घरं, म्हणजे दोनेकशे मतं. आगरकर कशाने वाचले हे आगरकरांना कोण सांगायला जाणार आहे?

निवृत्त_लिपिक

ताई, मी ३४ वर्षं नगरपरिषदेच्या नोकरीत होतो, त्यातली अकरा सभा-विभागात. त्यामुळे मुद्द्याचं बोलतो.

सर्वांत आधी हे शोधा की ठराव मंजूर झालाय की विषय नुसता आलाय. ‘ठराव आलाय’ असं गावात सगळेच म्हणतात, त्याचा अर्थ काहीही असतो. सभेची विषयपत्रिका आणि मागच्या सभेचं इतिवृत्त मागा. रस्त्यांची, चौकांची, कमानींची नावं बहुतेक वेळा ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून शेवटी येतात. तोवर निम्मी सभा उठलेली असते, उरलेले घड्याळ बघत असतात, सूचक-अनुमोदकाचं नाव घातलं की ‘सर्वानुमते मंजूर’. माझ्या हातून अशी इतिवृत्तं लिहिली गेलीत, म्हणून सांगतो. तुमच्याकडे निदान हरकती मागवल्यात. याचा अर्थ कुणीतरी आत कुरकुरलंय. ते कोण ते शोधा, ते तुमचं माणूस.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने करा, प्रत नगराध्यक्षांना. टपालाने पाठवू नका, स्वतः जा. आवक बारनिशीत नोंद करून घ्या आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. सह्यांच्या कागदाला प्रत्येक पानावर वर मजकुराचा विषय हवा. नुसत्या नावांची यादी मागे जोडली तर उद्या कुणीही म्हणेल की आम्ही रस्त्याच्या खड्ड्यांसाठी सही केली होती. सहीपुढे घरपट्टीचा मालमत्ता क्रमांक लिहून घ्या. त्याने सहीला वजन येतं.

१९५६चा मूळ ठराव मिळवा. माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. तुमची मुदत पंधरा दिवसांची, तेव्हा उत्तर वेळेत येणार नाही, पण ‘मूळ ठरावाची प्रत मागितली आहे, ती मिळेपर्यंत निर्णय घेऊ नये’ असं हरकतीत लिहिता येतं. तो ठराव १९६५चा कायदा येण्याआधीचा आहे. त्या काळची ठरावबुकं मोडीत नसतात, वाळवीत असतात. तरी मागा.

समजा विषय मंजूर झालाच, तर महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ मधलं कलम ३०८ आहे. जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी रोखू शकतात. पण त्याची कारणं ठरलेली आहेत: ठराव बेकायदेशीर आहे, त्याने लोकांना इजा वा उपद्रव होतोय, शांतताभंगाची भीती आहे, अशी. ‘आगरकर फार मोठे होते’ हे त्यात बसत नाही. म्हणून जे करायचं ते सभेच्या आधी.

आणि एक आतली गोष्ट. ‘हे नाव नको’ अशा अर्जाला उत्तर देणं ऑफिसला अवघड जातं. ‘हे नाव तिकडे द्या’ हे सोपं पडतं. हद्दवाढीत नवीन रस्ते झाले असतील, त्यांना फक्त डीपी रोड नंबर अमुक म्हणत असतील. त्यातला चांगला रुंद रस्ता त्या दिवंगत गृहस्थांच्या नावाने सुचवा. घरच्यांचाही मान राहतो. टँकरचा किस्सा त्यात घालायलाही हरकत नाही.

बीट_नंबर_चार

पोस्टमन होतो, म्हणून गैरसोयीच्या मसुद्यावर बोलतो. तो मसुदा लंगडा आहे, समोरचा हुशार असेल तर दोन मिनिटांत उलटवेल.

तुमच्या घराची सरकारदरबारी ओळख सिटी सर्व्हे नंबर. मिळकत पत्रिकेवर रस्त्याचं नाव नसलं तरी काही अडत नाही. घरपट्टीला मालमत्ता क्रमांक, लाइट बिलाला ग्राहक क्रमांक. टपालाला पिन कोड, तो १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे, आणि त्याच्यापुढे पोस्टमनची ओळख. नाव बदलल्याने पत्र चुकत नाही, पोस्टमनची बदली झाली की चुकतं. माझ्या बीटवर एका रस्त्याची तीन नावं चालायची. म्हाताऱ्यांची पत्रं एका नावाने यायची, बँकेची दुसऱ्या, पोरांची पार्सलं तिसऱ्या. सगळी पोचली.

मुंबईत बघा ना. लॅमिंग्टन रोडला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन जमाना झाला, कॉम्प्युटरचा पार्ट आणायला जाणारा आजही लॅमिंग्टन रोडलाच जातो. आणि नवीन नाव रुजलंच तर त्याची आद्याक्षरं होतात. घोडबंदर रोडचे स्वामी विवेकानंद झाले आणि लोकांनी एस. व्ही. रोड केला. हॉर्नबी रोडवर दादाभाई नौरोजी आले आणि डी. एन. झाले. एकदा आद्याक्षरं झाली की आत माणूस आहे की नाही हे कुणी बघत नाही. तुमच्या रस्त्याचा ‘जी. जी. रोड’ झाला नाही हेच आश्चर्य. अंधेरीला आगरकर चौक आहे, तो पूर्ण नावाने टिकलाय तो बसच्या पाटीमुळे.

सरकारी आधार हवा असेल तर एक आहे. केंद्रीय गृहमंत्रालयाने २७ सप्टेंबर १९७५ ला दिल्लीसाठी पत्र काढलं होतं की रस्त्यांची नावं बदलू नयेत, त्याने टपाल खात्याचा आणि लोकांचा गोंधळ होतो आणि लोकांची इतिहासाची जाण हिरावली जाते. म्हणजे तुमचे दोन्ही मसुदे एकाच वाक्यात. अर्थात ते दिल्लीपुरतं, आणि दिल्लीनेही ते किती पाळलं ते दिसतंच आहे. २०१५ मध्ये औरंगजेब रोडचा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम रोड झालाच. तरी अर्जात एक ओळ म्हणून शोभेल.

पंचगंगाकाठ

आमच्या कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या नावाचा वाद झाला तो आठवला. ‘छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ’ करा अशी मागणी, आणि विरोध करणारेही महाराजांवर जीव टाकणारेच. त्यांचं म्हणणं, नाव लांबलं की सीएसएमयू होणार आणि १९६२ पासून तोंडात असलेलं ‘शिवाजी’ जाणार. तेव्हा विरोध केला म्हणजे तुम्ही कुणाच्या विरोधात, असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

मराठवाडी

ताई, राग मानू नका. तुमचा धागा आवडला, लिहिताय छान. पण एक विचारतो. १९५६च्या आधी त्या रस्त्याला नाव नव्हतं का?

बाजारातल्या मारुतीपासून निघणारा, वाडे असलेला जुना रस्ता बिननावाचा असेल हे मला पटत नाही. काहीतरी आळी असणार, गल्ली असणार. ते नाव तुमच्या अण्णांनी पुसलं. त्या वेळी कुणी हरकत घेतली होती का? घेतली असेल तर त्या लोकांना अण्णा काय म्हणाले?

विचारण्याचं कारण सांगतो. ‘नामांतराला विरोध’ हे शब्द वाचले की माझ्या डोळ्यांपुढे संगमरवरी पाटी येत नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. त्यानंतर आमच्याकडे वस्त्या जळल्या. माझे मामा तेव्हा पोराबाळांना घेऊन रात्रीतून निघाले ते परत त्या गावात राहायला गेले नाहीत. प्रत्यक्ष नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, आणि ते ‘नामांतर’ न राहता ‘नामविस्तार’ झालं. तेव्हाही विरोध करणारे अस्मितेची आणि इतिहासाची भाषा बोलत होते. त्यातले काही जण खरंच इतिहासावर प्रेम करणारे असतील, मी नाही म्हणत नाही. पण त्या भाषेआड कोण कोण उभं होतं ते आम्ही पाहिलंय.

तुमचं प्रकरण तसं नाही हे मला कळतं. एका पुढाऱ्याच्या वडिलांसाठी आगरकर काढणं हे हलकंच काम आहे. फक्त हरकतीत ‘ऐतिहासिक नाव बदलू नये’ असं सरसकट वाक्य टाकू नका. नावं बदलावीत, कधीकधी बदललीच पाहिजेत. हे नाव का ठेवावं तेवढंच सांगा.

टंकलेखिका

मराठवाडी, राग नाही. पण तुमचा प्रतिसाद वाचून मशीनवरची ऑर्डर तशीच राहिली आणि गिऱ्हाईक ओरडून गेलं.

होतं नाव. कासार आळी. मी मूळ प्रश्नात ते लिहिलं नाही, आणि विसरले असंही नाही. लिहिलं असतं तर तुम्ही जे विचारलंत ते कुणीतरी विचारलं असतं.

या रस्त्यावर कासारांची सात-आठ घरं होती. मी लहान असताना त्यातली दोन उरली होती. एका घरात एक म्हातारी बाई होत्या, आम्ही त्यांना कासारीण आजी म्हणायचो. बांगडी भरताना हात असा दाबायच्या की हाडं गोळा होऊन बांगडी कधी वर सरकली ते कळायचं नाही. मी दहा-अकरा वर्षांची असेन, माझ्या हातात हिरव्या बांगड्या चढवता चढवता म्हणाल्या होत्या, ‘तुझ्या बापानं आमची आळी त्या बामनाला दिली.’ रागाने नव्हे, हसतच. मी घरी जाऊन अण्णांना सांगितलं. अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, काही बोलले नाहीत, पुन्हा उचललं. त्यांना उत्तर नव्हतं असं मला आता वाटतं. १९५६ मध्ये कासारांनी लेखी हरकत घेतली होती का ते ठाऊक नाही. त्यांच्यातलं लिहिणारं कोण होतं तेव्हा.

आता अण्णांचा हट्ट का होता ते सांगते. हे मी कुणाला सांगत नाही, कारण अर्जात लिहिण्यासारखं नाही. अण्णांची आत्या अकराव्या वर्षी विधवा झाली. पुढची साठ-एक वर्षं लाल आलवणात, माजघरात. न्हावी मागच्या दाराने यायचा, अण्णांना ते लहानपणी दिसलेलं. पाटी बसली त्या दिवशी ते तिला हाताला धरून कोपऱ्यापर्यंत घेऊन गेले. तिला वाचता येत नव्हतं. अण्णांनी तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं आणि नाव वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, ‘हे कोण?’ अण्णांनी सांगितलं. तिने विचारलं, ‘मग तेव्हा का नाही आला?’

एवढीच गोष्ट. अण्णा ती सांगताना दर वेळी इथेच थांबायचे.

तुमचा सल्ला मानते. ‘ऐतिहासिक नाव बदलू नये’ ही ओळ होती मसुद्यात, दुसऱ्याच परिच्छेदात. काढली.

बीट_नंबर_चार, तुमचं ऐकून गैरसोयीचा मसुदा परत वाचला तर खरोखरच पोकळ वाटला. इन्स्टिट्यूटचं लेटरहेड सोडलं तर माझ्या स्वतःच्या कुठल्या कागदावर आगरकर पथ आहे ते शोधलं. आधारवर आहे, लाइट बिलावर ‘मारुती मंदिराजवळ’, गॅसवर नुसतं ‘मेन रोड’. मेन रोड! आमचा रस्ता मेन कधी झाला?

रिकामटेकडा

आत्याबाईंचा प्रश्न वाचून माझी आधीची कॉमेंट मागे घ्यावीशी वाटतेय. १०९ ठेवतो, बाकी मागे.

निवृत्त_लिपिक

ताई, मग एकच अर्ज करायचा हट्ट सोडा. दोन अर्ज करा. चौसष्ट सह्यांचा सामुदायिक, छोटा, अर्ध्या पानाचा, गैरसोय आणि पर्यायी रस्त्याची सूचना एवढाच. आणि दुसरा तुमचा एकटीचा, तुमच्या सहीचा. त्याला सह्यांची गरजच नाही. हरकत एकाचीही चालते, तिची नोंद तशीच होते, आवक क्रमांक तसाच पडतो. पहिला मोजायला, दुसरा वाचायला. सभेत एखादा तरी वाचून दाखवतो, माझा अनुभव आहे.

आत्याबाईंची गोष्ट लिहा. अर्जात लिहिण्यासारखं काय आणि काय नाही हे तीस वर्षं तुम्ही लोकांना सांगत आलात, म्हणून तुम्हाला तसं वाटतंय. ऑफिसात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ वाचून वाचून माणसाचे डोळे गेलेले असतात.

मराठवाडी

कासारीण आजीही लिहा.

टंकलेखिका

काल दोन्ही अर्ज दिले. थोडक्यात सांगते, मग धागा वर काढत बसणार नाही.

सामुदायिक अर्जावर शेवटी एकाहत्तर सह्या झाल्या. शिंप्याच्या मुलाने स्वतः केली आणि आणखी चार आणल्या. त्याने मोबाइलवर काय काय वाचलं कोण जाणे, मला विचारत होता की टिळकांशी शेवटपर्यंत बोलणं नव्हतं हे खरं का. हद्दवाढीतला रस्ता सुचवलाय, साठ फुटी, दोन्ही बाजूंना झाडं लावलेला. खरं तर आमच्यापेक्षा चांगला.

माझा एकटीचा अर्ज दोन पानं झाला. आगरकर एका परिच्छेदात, आत्या एका परिच्छेदात. आणि शेवटी एक मागणी मी वाढवली: आगरकरांचं नाव ठेवावं आणि त्याच पाटीखाली ‘(पूर्वीची कासार आळी)’ अशी ओळ कोरावी, खर्च मी देईन. अण्णा असते तर काय म्हणाले असते, माहीत नाही. वर्तमानपत्र खाली ठेवलं असतं एवढं नक्की.

आवक-जावकच्या टेबलावर जो बसतो तो माझाच विद्यार्थी. मराठी चाळीस पहिल्या फटक्यात पास झालेला, माझ्याकडे दहा महिने होता. उभा राहिला, खुर्ची दिली. दोन्ही पानं वाचली, ओठ हलवत, माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही. बारनिशीत नोंद केली, माझ्या प्रतीवर शिक्का मारला, तारीख घातली. मी बाहेर येऊन चष्मा लावून पाहिलं. शिक्क्याखाली त्याने स्वच्छ अक्षरात अर्जदाराचं नाव लिहिलं होतं आणि पुढे पत्ता: रा. कासार आळी.

परत आत गेले. म्हटलं, ‘अरे, दहा महिने माझ्या मशीनवर काय बडवत होतास तू?’

तर म्हणतो, ‘मॅडम, ते परीक्षेसाठी.’